एकान्त, मंडळ आणि साक्षी

मंत्रविद्येचा अभ्यास नवशिक्यानें एकट्यानें करावा, कीं एखाद्या दीक्षित मंडळांत शिरून करावा, हा प्रश्न आमच्या बहुतेक वाचकांना परका वाटेल. जादूटोणा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें करणी, भानामती आणि त्यांपायीं झालेले छळ उभे राहतात. आणि महाराष्ट्रानें २०१३ सालीं अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला हें योग्यच झालें. परंतु इंग्लंडांत ह्या विद्येला अलीकडे जें रूप आलें तें निराळें आहे. चेटकाविषयींचा १७३५ चा कायदा तेथें १९५१ सालीं रद्द झाला. १९५४ सालीं जेराल्ड गार्डनर ह्यानें आपला पंथ पुस्तकरूपानें लोकांपुढें मांडला. पुढें 'विक्का' ह्या नांवानें प्रसिद्ध झालेला हा पंथ ऋतूंचे उत्सव, चंद्राची उपासना आणि मनाची शिस्त ह्यांवर उभा आहे, असें त्याचे अनुयायी सांगतात. ह्या विद्येनें बाह्य सृष्टींत तिळमात्र फरक पडतो असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि साधनेचें फळ खोटें असलें तरी साधकाचें मन खरें असतें. आणि तें कोणाच्या हातीं द्यावें, हा प्रश्नही खराच असतो.

प्रथम मंडळाची बाजू पाहूं. अशा उपासकांच्या लहानशा मंडळास इंग्रजींत 'कव्हन' म्हणतात. परंपरेनें त्याची संख्या तेरा मानितात. गार्डनरच्या संप्रदायांत दीक्षेच्या तीन पायऱ्या असून, स्वतः दीक्षित असल्यावांचून कोणीं दुसऱ्यास दीक्षा देऊं नये असा दंडक आहे. ह्या पक्षाचा युक्तिवाद हलका नाहीं. गाणें जसें नुसत्या स्वरलिपीवरून गळ्यांत उतरत नाहीं, तसा विधीही पुस्तकावरून अंगीं मुरत नाहीं. शिवाय नवशिक्याला सर्वांत मोठा धोका स्वतःचाच असतो. एकान्तांत बसलेल्या माणसाला दिव्याची ज्योत हलली तरी दृष्टान्त झाल्यासारखें वाटतें. आणि 'अरे, खिडकी उघडी राहिली आहे,' असें म्हणणारें तेथें कोणी नसतें.

एकान्ताची बाजू एका बाईच्या चरित्रांत उत्तम दिसते. डोरीन व्हॅलिएन्ट हिला १९५३ सालीं गार्डनरनें दीक्षा दिली, आणि पंथाच्या विधींतील बराचसा मजकूर तिनेंच नव्यानें लिहिला. गार्डनरच्या प्रसिद्धीच्या हौसेस आळा बसावा म्हणून १९५७ सालीं तिनें व तिच्या सोबत्यांनीं कांहीं नियमांची मागणी केली. तेव्हां त्यानें, पूर्वीं कोणीं कधीं न ऐकलेले 'प्राचीन' नियम पुढें केले. मुख्य उपासिकेनें योग्य वेळीं तरुण स्त्रीसाठीं आपली जागा सोडावी, असें त्यांतील एक कलम होतें! व्हॅलिएन्ट आणि तिचे सोबती मंडळांतून बाहेर पडले. पुढें १९७८ सालच्या आपल्या ग्रंथांत तिनें, ज्याला मंडळ नाहीं त्यानें स्वतःच स्वतःस दीक्षा कशी द्यावी, हेंही सांगून टाकलें. अमेरिकेंत स्कॉट कनिंगहॅम ह्यानें तर १९८८ सालीं एकट्या साधकासाठींच सबंध पुस्तक लिहिलें. परंपरेच्या नांवाखालीं एका माणसाची सोय कशी खपते, हें आंतून पाहिलेली व्यक्तीच एकट्याला दार उघडून देते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मंडळाचा धोका ह्याहूनही खोल जाऊं शकतो. 'मॅजिक' ह्या इंग्रजी शब्दाला शेवटीं एक अक्षर जोडून त्याला नवा अर्थ देणारा अ‍ॅलिस्टर क्रोली ह्यानें १९२० सालीं सिसिलींतील चेफालू गांवीं आपला मठ थाटला. राउल लव्हडे नांवाचा ऑक्सफर्डचा तरुण पदवीधर तेथें शिष्य म्हणून गेला, आणि १९२३ च्या फेब्रुवारींत तेथेंच आजारानें वारला. त्याच वर्षीं इटलीच्या सरकारनें क्रोलीस हद्दपार केलें. मृत्यू आजाराचा, तेव्हां त्याचा दोष विद्येच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. परंतु क्रोलीनें लिहून ठेवलेली एक साधना मात्र विचार करण्यासारखी आहे. ठराविक काळ 'मी' हा शब्द उच्चारावयाचा नाहीं, आणि चुकून उच्चारला तर वस्तऱ्यानें स्वतःच्या हातावर जखम करून घ्यावयाची, असा तिचा नियम होता.

आपल्या कानांना हें प्रथम ओळखीचें वाटेल. 'मी'पणा गळून जावा हें आपल्या संतांनींही सांगितलें नाहीं काय? सांगितलें, पण भेद येथेंच आहे. अहंकार टाकण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो. त्यानें तो आपखुषीनें टाकला तर तें दान. दुसऱ्यानें काढून घेतला तर ती चोरी. आणि नवशिक्याजवळ टाकण्याइतका घडलेला 'मी' तरी कोठें असतो? ज्याला अजून 'नाहीं' म्हणतां येत नाहीं, त्याच्या 'होय'ला किंमत ती काय!

ह्या प्रश्नाची खरी गांठ हीच आहे. चांगला गुरु ओळखण्यास जो विवेक लागतो, तो मिळविण्यासाठींच मनुष्य गुरूकडे जात असतो. ही गांठ आपल्या परंपरेलाही ठाऊक होती. संतांच्या मेळ्यांत गोरोबाकाकांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें आणि नामदेवाचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा सर्वांस माहीत आहे. नामदेव पुढें विसोबा खेचरांकडे गेला हेंही माहीत आहे. पण त्या कथेंतील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. ज्यांनीं त्याला कच्चा म्हटलें, त्यांतल्या कोणालाही त्याला आपला शिष्य करावयाचें नव्हतें. त्यांचें बोलणें नामदेवाला झोंबलें. पण त्या बोलण्यांत त्यांचा कांहीं लाभ नव्हता. म्हणूनच तें विश्वासार्ह होतें.

तेव्हां नवसाधकाला प्रथम हवा असतो तो गुरुही नव्हे आणि एकान्तही नव्हे. त्याला हवा असतो निःस्वार्थी साक्षी. मौज अशी कीं, हें क्रोलीलाही कळत होतें. १९०७ सालीं त्यानें स्थापिलेल्या मंडळांत नव्या उमेदवारानें निदान एक वर्ष आपल्या साधनेची रोजनिशी ठेवावी आणि ती वरच्या एका व्यक्तीस दाखवावी, असा नियम होता. वाईट माणसाच्या हातून निघालेला म्हणून चांगला नियम टाकून देण्याचें कारण नाहीं. फक्त रोजनिशी वाचणारा मंडळाबाहेरचा असावा, एवढी दुरुस्ती आम्ही सुचवूं.

विक्कापंथांत दीक्षेपूर्वीं एक वर्ष व एक दिवस शिकण्याची जी वहिवाट आहे, ती ह्या दृष्टीनें शहाणपणाची आहे. तें वर्ष एकट्यानें घालवावें. काय केलें, काय वाटलें आणि काय खरोखर घडलें, हें तीन निरनिराळ्या ओळींत रोज लिहावें, आणि तें अशा एखाद्या मित्राला वाचूं द्यावें कीं ज्याला ह्या विद्येंत गोडी नाहीं, पण आपल्यांत आहे. त्यानंतर मंडळांत जावयाचें असेल तर खुशाल जावें. मात्र उंबरठ्यावर तीन प्रश्न विचारावेत. येथून बाहेर पडलेल्यांविषयीं येथें कसें बोलतात? येथें गुप्त ठेवतात तो विधि, कीं वागणूक? आणि मी एखाद्या गोष्टीस नकार दिला तर उद्यां मला येथें जागा राहील काय?

ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक देणारें मंडळ मिळालें, तर तें सोडूं नये; कारण तसें मंडळ मंत्रविद्येंतच काय, आपल्या साहित्यसभांत, राजकीय पक्षांत आणि भजनी मंडळांतही विरळाच मिळतें. तसें न मिळालें, तर एकट्यानें चालावें. मात्र रोजनिशी बंद करूं नये.