श्वासाचें ऋण

"श्वास घ्यायलाहि सवड नाहीं," असें आपण म्हणतों, तेव्हां श्वास बिनबोभाट चाललेलाच असतो. तो अडला म्हणजे मात्र सवडीची गोष्ट कोणी बोलत नाहीं. अशा वेळीं दुसऱ्याचा श्वास सांभाळण्याचीच विद्या जो शिकला आहे, त्या श्वसनोपचारकाचें आपण काय देणें लागतों?

१९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी इतके आले कीं यंत्रें अपुरीं पडलीं. तेव्हां इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रोग्यांच्या घशाशीं छेद घेऊन नळी बसविण्यांत आली, आणि सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रबरी पिशवी दाबून त्यांस रात्रंदिवस हवा पुरवीत राहिले. लोहाराचा भाता चालवावा तसें तें काम. पण हात थांबता तर विझणारा अग्नि माणसाचा होता.

आज तो भाता यंत्र चालवितें. मग माणसाचें काम संपलें काय? यंत्र श्वास निर्माण करीत नाहीं. मिळेल तो पुढें ढकलतें. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या महापालिका रुग्णालयांत प्राणवायूची टाकी गळून दाब उतरला आणि निदान २२ रुग्ण दगावले. यंत्रें जागच्या जागींच होतीं. दाब किती, प्राणवायु किती, कफ केव्हां ओढावा, हें रोग्याकडे पाहूनच ठरवावें लागतें. सर्वांत अवघड निर्णय आधार काढण्याचा. लवकर काढला तर रोगी थकतो. उशीर केला तर त्याचे स्नायू दुबळे होतात. आपली गरजच उरूं नये म्हणून झटणें, ही वृत्ति यंत्रांत घालतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, त्यास वेतन मिळतें. मग ऋण कसलें? वेतन तासांचें असतें, अवधानाचें नव्हे. शिवाय बरा झालेला रोगी बहुधा त्याचा चेहराहि न आठवतां घरीं जातो, कारण त्या दिवसांत तो शुद्धीवर नसतो. म्हणून हें ऋण समाजानेंच फेडावयाचें. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यांत शेतकऱ्याचा दम कोंडतो तो त्याच्या गांवांत. पण उपचारासाठीं त्यास बहुधा खामगांव-अकोल्याची वाट धरावी लागते. २०२१ च्या कायद्यानें अशा व्यवसायांस राष्ट्रीय आयोग व नोंदणी यांची चौकट दिली, हें योग्यच झालें. पण नोंदवहींतील नांव म्हणजे उशाशीं जागणारा माणूस नव्हे. नवें यंत्र आलें कीं आपण त्यास हार घालतों, नारळ फोडतों. त्याच्याजवळ जागणारा नेमला कीं नाहीं, हें विचारणें हाच त्या ऋणाचा पहिला हप्ता होय.