किल्ली

दिवाळी अंक हाती घेतला म्हणजे वाचकाला लेखक दिसतो, चित्रकार दिसतो, फार तर संपादक दिसतो. बाईंडर दिसत नाही. तो दिसू नये हेच बरे; कारण बाईंडरची आठवण होते ती एखादा फर्मा उलटा लागला तेव्हाच! मी पुण्यात गेली तीस-बत्तीस वर्षे बाईंडिंगचा एक लहानसा कारखाना चालवतो. गणपतीचे विसर्जन झाले की आमच्याकडे छापील कागदाच्या थप्प्या छताला टेकू लागतात आणि घड्या घालायला, फर्मे जुळवायला हात मिळेनासे होतात. अशाच एका हंगामात मी जन्मठेप भोगून सुटलेल्या एका माणसाला कामावर घेतले. परोपकार म्हणून घेतले, असे त्या वेळी मी चारचौघांत सांगितले. खरे कारण हात कमी पडत होते, हे होते.

तो साताऱ्याकडचा. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी पेटली आणि त्याच्या हातून चुलतभाऊ मेला. पुढची चौदा-पंधरा वर्षे येरवड्यास गेली. कारागृहाच्या मुद्रणालयात तो बाईंडिंग शिकला होता. पहिल्याच दिवशी त्याने घातलेली घडी मी पाहिली आणि ओळखले की हा हात शिकलेला आहे. कोपऱ्याला कोपरा असा जुळलेला, की दोन बोटे फिरवली तरी खाच लागू नये.

माझ्याकडे तो सव्वा वर्ष राहिला. या काळात त्याने काही चोरले नाही, कोणावर हात उगारला नाही. वाचक अशा गोष्टीत ज्या प्रसंगाची वाट पाहतो, तसा एकही प्रसंग घडला नाही. आणि तरीही तो गेला. नुसता गेला नाही, माझ्याकडे मिळत होते त्याच्या निम्म्या पैशांवर एका मावसभावाच्या चहाच्या टपरीवर गेला. मला त्याचा राग आला. राग कसला, अपमानच वाटला. इतके केले, आणि हा टपरीवर जातो! 'का चाललात?' असे मी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मालक, तिथं गल्ला माझ्याकडं असतो."

या एका वाक्याने मला बरेच महिने छळले आहे.

माझ्या कारखान्यात संध्याकाळी कुलूप लावून किल्ली घरी नेण्याचे काम जुन्या कामगारांकडे पाळीपाळीने असते. त्याची पाळी कधी आली नाही. मोजून आलेला माल प्रेसवाल्याकडून सही करून घ्यायला मी कालच्या पोराला पाठवीत असे, त्याला नाही. ड्रॉवर उघडा टाकून मी एरवी खुशाल चहाला जातो. तो खळ न्यायला त्या बाजूला आला की माझा हात आपोआप किल्लीकडे जाई. हे मी ठरवून करीत नव्हतो. ठरवून केले असते तर निदान त्याचा विचार तरी झाला असता. आणखी एक गोष्ट. कारखान्यात मी सगळ्यांना अरे-तुरे करतो. त्याला मात्र 'अहो' म्हणत असे. मला वाटे, मी त्याचा मान राखतो आहे. एकदा तो म्हणालाही, "मालक, मला बी अरे म्हणा की." मी हसून वेळ मारून नेली.

तुरुंगात त्याच्याकडे काय काम होते, ते मला पुढे कळले. तिथे संध्याकाळी हत्यारे मोजून जमा करावी लागतात. सुया, सुऱ्या, आऱ्या. एक जरी कमी भरली तरी कोणाला हलू देत नाहीत. ती मोजदाद शेवटची काही वर्षे तो करीत असे. म्हणजे ज्याला समाजाने भिंतीआड ठेवले, त्याच्या हाती भिंतीआड सुऱ्यांचा हिशेब होता. आणि भिंतीबाहेर, चांगल्या चालीचे दाखले घेऊन आलेल्या त्याच माणसाच्या हाती मी खळीचे भांडे दिले!

'लायकी दाखव, मग विश्वास ठेवू,' असे आपण म्हणतो. ऐकायला हे शहाणपणाचे आहे. पण ज्या कामात विश्वासघात करायला वावच नाही, त्या कामात लायकी दाखवायची कशी? खळ लावणारा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे खळीवरून कळत नाही. ते कळायला त्याच्या हाती काहीतरी मोडण्यासारखे द्यावे लागते. पोट भरणारे काम आणि माणसाला माणूस करणारे काम यांतला फरक मला इथे दिसतो. पगाराच्या आकड्यावर तो नाही. ज्या कामात माझ्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते आणि मी ते होऊ देत नाही, त्या कामाला अर्थ असतो.

औंध संस्थानात १९३९ साली हे कोणीतरी ओळखले होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनियर आणि औंधचे राजघराणे होते. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. या प्रयोगाच्या प्रेरणेने १९५७ साली शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा माडगूळकरांची, आणि माडगूळही त्याच माणदेशातले. चित्रपट साऱ्या देशाने पाहिला, डोळे पुसले. मीही पुसले आहेत. पण चित्रपटातल्या कैद्यावर विश्वास ठेवायला तिकिटापलीकडे काही पडत नाही.

कायद्याचेही धड नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने ज्याला सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अल्पवयीनाला बहुतेक बाबतींत तेच अभय दिले. पण ज्याने पुरी शिक्षा भोगली, म्हणजे हिशेब चुकता केला, त्या प्रौढाला असे सरसकट अभय नाही. खाजगी सुरक्षारक्षकांच्या २००५ च्या कायद्यान्वये तर शिक्षा झालेल्याला रखवालदारही होता येत नाही. जिथे तिथे आता पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून या लोकांना कामधंद्याला लावण्यासाठी झटतो आहे. पण शेवटी कोणी तरी एक मालक दार उघडायला लागतो, आणि तो मालक माझ्यासारखाच असायचा.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "माझा मुलगा बी.कॉम. होऊन दोन वर्षे घरी बसला आहे. त्याने कोणाचा खून केला नाही, हाच त्याचा अपराध काय?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. नोकऱ्या थोड्या असल्या की प्रत्येक नोकरी कोणाच्या तरी तोंडातून काढलेला घास वाटते. एवढेच म्हणता येईल की त्यांच्या मुलाला एक दार बंद असेल तर दुसरे ठोठावता येते. याला दारापर्यंत जाण्याआधी नाव सांगावे लागते.

याहून अवघड प्रश्न आहे तो त्या मेलेल्या चुलतभावाच्या बायकोचा. ती त्याच गावात आहे. मी याला काम दिले तेव्हा तिच्या वतीने क्षमा करून टाकली काय? तसा मला अधिकार कोणी दिला? मी यावर पुष्कळ विचार केला आणि माझ्यापुरते ठरवले ते असे, की काम देणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. क्षमा तिची आहे. ती तिने करावी किंवा जन्मभर करू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांना वाजवी मजुरी द्यावी असे सांगितले, तेव्हाच त्या मजुरीतला काही भाग अपराधाची झळ लागलेल्यांसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा, असेही सुचवले. मला त्यातले एक साधे गणित पटते: जो कमावत नाही, तो देणेही फेडू शकत नाही. हा माणूस त्या बाईच्या मुलीच्या शाळेसाठी माझ्याकडच्या पगारातून पैसे पाठवीत असे. तीनदा मनिऑर्डर परत आली. चौथ्यांदा आली नाही. त्याविषयी तो कधी बोलला नाही. मला हे पोस्टमनने सांगितले.

मी त्याचा भूतकाळ कारखान्यात सांगायला हवा होता की नको, हाही एक प्रश्न आहे. पण तो माझ्या हाती राहिला नाही. एका जुन्या कामगाराला मी विश्वासात घेऊन सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत चहावाल्या पोरालासुद्धा ठाऊक झाले होते. विश्वास मी ठेवला तो असा, आणि ठेवला तो अशा ठिकाणी.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याच्या टपरीवर गेलो. गर्दी होती. एका हाताने चहा ओतत दुसऱ्या हाताने तो नाणी मोजीत होता, आणि डबा उघडाच होता. मला पाहून त्याने बाकडे पुसले. परत येता काय, असे विचारायचे मनात होते. त्याला किल्ली देईन असेही सांगायचे होते. पण उकळत्या आधणापुढे ते बोलणे मला जमेना. चहा झाल्यावर मी पाचशेची नोट पुढे केली. त्याने मोड काढून दिली. आपला विश्वास त्याला दिसावा म्हणून मी ती न मोजताच खिशात घातली.

"असं नका करू, मालक," तो म्हणाला. "मोजून घ्या. सगळ्यांना सांगतो मी."

मी खिशातून पैसे काढले आणि त्याच्यासमोर मोजले.