माहुलीचा खंड्या

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा त्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात. दगडात घडवलेला खंड्या आजही तिथे दिसतो.

छत्रपतींना कुत्र्यासाठी शोक करताना संकोच वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा? घरातलं मांजर गेलं की लोक म्हणतात, "दुसरं आणा की." त्यांचा हेतू वाईट नसतो. पण पहाटे उशाशी येऊन पंजानं पांघरूण ओढणारं ते मांजर दुसरं कुठून आणायचं?

रडू आलं तर रडावं. मुलांना "मोती गावाला गेलाय" असं मात्र सांगू नये. ती दाराकडे बघत राहतात. खरं सांगावं, आणि आठवण कशी ठेवायची ते त्यांनाही ठरवू द्यावं. कितीतरी शेतकरी घरचा बैल आपल्याच रानात पुरतात. कुणी परसात सोनचाफा लावील. कुणाला फोटो भिंतीवर हवा असतो, कुणाला तो इतक्यात बघवतही नाही. अशा वेळी गळ्यातला पट्टा खुशाल कपाटात राहू द्या. घाई कसली आहे?