आकड्यातला शिपाई

पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत जुन्या भिंतीत बसवलेली एक लहान दगडी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके इसम गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावे नाहीत. त्या आकड्यात जाधव-शिंद्यांच्या जोडीला एखादा शेख, एखादा मुलाणी होता का, हे पाटी सांगत नाही. मराठा पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानही भरती होत, म्हणून आपण विचारायचे.

अशा एका विशीतल्या पोराचा माग काढू म्हटले, तर वाट बसऱ्याला जाते. १९१४ च्या नोव्हेंबरात पूना डिव्हिजन तिकडे उतरू लागली. तिच्यात पुढे १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी लढल्या. समोर तुर्कांची फौज, म्हणजे खलिफाची. इस्तंबूलहून त्याच महिन्यात जिहादचा फतवा निघालेला. वर्षभराने मोठी लढाई झाली ती टेसिफोनला. हे इंग्रजांच्या नकाशावरचे नाव. मुसलमान त्या जागेला सलमान पाक म्हणतो, कारण हजरत सलमान फारसींची मजार तिथे आहे. ज्या सहाबींचे नाव लहानपणी घरात अदबीने ऐकले, त्यांच्या मजारीच्या परिसरात आपल्या पोराने बंदूक रोखली. पलीकडून नेम धरणाराही बहुधा कलमा पढणाराच होता.

मग कूतचा वेढा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. रसद संपली, घोडे कापले गेले. ते मांस खायला हिंदी शिपाई तयार होईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी आणवली, तरी पुष्कळांचे मन धजेना. शेवटी शरणागती, आणि कैद्यांची वाळवंटातली पायपीट. पुढच्या कैदेत हजारो मेले.

तिथे माग बुजतो. कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याचे स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये युद्धकबर आयोगाने ही असमान वागणूक कबूल करून माफी मागितली. मयत तर घरी आलीच नव्हती. कोकणातला शाफई असता, तर गावच्या मशिदीत गायबाना नमाज-ए-जनाजा तरी होऊ शकली असती. घाटावरच्या हनफींत तो रिवाज नाही.

आता आपले बघू. निष्ठेचा दाखला मागितला गेला की आम्ही असे मेलेले पुढे करतो: पाहा, आमचेही रक्त सांडले. पण हा पोरगा इंग्रजाच्या राज्यासाठी मेला. दाखला म्हणून तो फारसा चालायचा नाही. आपल्यातलाच दुसरा म्हणेल, महिना ११ रुपयांसाठी खलिफावर चालून गेलेला भाडोत्री. दोघेही त्याच्या मनातले सांगतात. तो पोटासाठी गेला, बापही पलटणीत होता म्हणून गेला, की थोरल्या भावाशी भांडून गेला, हे कोणत्या दप्तरात लिहिलेले असते? अमलाचा हिशेब इराद्यावर आणि इरादा अल्लाहलाच ठाऊक, असे आपण उठता-बसता म्हणतो. मेलेल्या शिपायाची गोष्ट निघाली की विसरतो. आम्हाला माग हवा असतो तो त्याच्यासाठी नव्हे, आमच्या वकिलीसाठी. इंग्रजाने त्याचा आकडा केला, आम्ही पुरावा करतो. माणूस दोन्हीकडे वजाच.

तरी माग सोडू नये. युद्धात मेलेल्याच्या वारसाला सरकार काशाची एक तबकडी पाठवी. तिच्यावर हुद्दा नसे, फक्त नाव, तेही इंग्रजी अक्षरांत. घरात ते वाचणारे बहुधा कोणी नसे. अशी तबकडी कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत पडलेली असेल, तर आपण ती पुसून घ्यावी, नाव मोठ्याने वाचावे आणि तो कोणासाठी लढला हे न विचारता फातिहा पढावी.