आच कोणत्या बाजूला?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूलच्या जंगलपट्ट्यात धामण नावाचं झाड आहे. लाकूड चिवट आणि लवचिक. कुऱ्हाडीचा दांडा, खांद्यावरची कावड आणि धनुष्य यांसाठी ते पूर्वापार नावाजलेलं. भिल्लांचा तिरकमठा मात्र बहुधा बांबूचा, त्याची दोरीसुद्धा अनेकदा बांबूच्याच पातळ पट्टीची. हाताने घडवलेल्या धनुष्याला आच दाखवली की ते बळकट होतं, असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण सगळीकडून सारखी आच लागली तर तेच धनुष्य मोडतं. कौतुकाच्या भरात हे कुणी सांगत नाही.

धनुष्य ओढलं की त्याच्या दोन बाजूंचं दुखणं वेगळं असतं. लक्ष्याकडची बाजू ताणली जाते, नेमबाजाकडची दाबली जाते. सुकं लाकूड जेवढा ताण सोसतं, त्याच्या साधारण निम्माच दाब सोसतं. म्हणून आतल्या बाजूचे तंतू आधी चेपतात. मग दोरी उतरवली तरी धनुष्य वाकलेलंच राहतं आणि तीर जवळच पडू लागतो. शेकायची ती ही आतली बाजू. ज्वाळेवर नाही, निखाऱ्यांवर, वीतभर उंच धरून, लाकडाचा रंग मधासारखा होऊन पुढे तपकिरीकडे झुकेपर्यंत. ओलावा निघून जातो. पावणेदोनशे अंशांच्या आसपास हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातला पाणी धरून ठेवणारा घटक, मोडू लागतो. त्यामुळे ती बाजू पुन्हा फारसं पाणी पीत नाही आणि दाबाला टणक होते. इगतपुरी-पेठेकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला याची किंमत सांगायला नको. बाहेरची बाजू मात्र आचेपासून राखायची. तिथवर धग पोचली तर तंतू ठिसूळ होतात, आणि ओढल्याबरोबर तडा. शेकून झाल्यावरही दोरी लगेच चढवत नाहीत. लाकडाला काही दिवस हवेतला ओलावा परत घेऊ द्यावा लागतो.

आदिमानव भाल्याचं टोक आगीत धरून मजबूत करी, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. 2016 साली रोलंड एनोस आणि टाक लोक चॅन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी हेझलच्या काठ्या भाजून हे तपासलं. काठ्या थोड्या टणक झाल्या खऱ्या, पण त्या मोडायला लागणारी ऊर्जा 36 टक्क्यांनी घटली. आगीचा उपयोग टोक लवकर काढण्यापुरता असावा, असं त्यांचं म्हणणं. सरसकट भाजण्याचा हा हिशेब.

माणसांच्या बाबतीत आपण हा हिशेब मांडतच नाही. हालअपेष्टांनी माणूस घडतो, हे वाक्य व्यासपीठावरून इतक्या सहज येतं की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. (बोलणारा बहुतेक वेळा गाडीतून आलेला असतो.) हरसूलजवळच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिची गोष्ट जिथे तिथे पाण्याचा हंडा, चढाची वाट आणि अनवाणी पाय अशी सांगितली जाते. हे सगळं खरंच आहे. पण हंड्याने पदक मिळत असतं तर सुरगाण्यात घरटी एक पदक असतं. तोच चढ, तीच वाट शेकडो मुलींच्या वाट्याला आली आणि त्यांच्या पदरात पडली ती कंबरदुखी. कविताला नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. कधी पळायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवणारं कुणीतरी होतं. गोष्टीतला हा भाग रंगत नाही, म्हणून तो एका ओळीत उरकतात.

कष्ट नकोत, असं मी म्हणत नाही. न शेकलेलं धनुष्य पावसाळ्यात ढिलं पडतं, हे उघड आहे. माझी तक्रार कष्टांचं श्रेय परिस्थितीला देण्याबद्दल आहे. एकदा गरिबीच गुरू ठरली की नळ, बूट, पोटभर जेवण ही सोय न राहता लाड ठरतात. पाड्यावरची पोरं जात्याच काटक, असं म्हणत त्यांच्या आश्रमशाळेच्या ताटाकडे काणाडोळा करणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात कौतुक अगदी मनापासूनचं होतं. त्यांना कुणी वाईट म्हणणार नाही. अशी माणसं खेळाडू निवडायला पाड्यावर जातात तेव्हा मुलगी किती मिनिटांत पळाली हे लिहून घेतात. त्याच वहीत ती सकाळी काय खाऊन आली, हेही लिहायला काय हरकत आहे?