दगडावरचे नाव



नोव्हेंबर जवळ आला की आपल्या दफनभूमीत लगबग सुरू होते. गवत निघते, क्रूसांना रंग लागतो, मेणबत्त्या आणि झेंडू येतात. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करावी, असे ख्रिस्तसभा आपल्याला आवर्जून सांगते. या लगबगीत पिशवीतून एक बाटलीही येते, संडास धुण्याच्या ॲसिडची. तिच्याविषयी मला आज एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना मीच मजूर लावून जुन्या संगमरवरी शिळा ॲसिडने धुऊन घेतल्या होत्या. दुपारपर्यंत त्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. मी खूश! २ नोव्हेंबरला एक आजी आपल्या धाकट्या भावाच्या कबरेपाशी आल्या. तो लहानपणीच गेला होता. शिळेवरची अक्षरे आधीच झिजलेली होती, उरलीसुरली ॲसिडने खाल्ली. घरी त्या मुलाचा एकही फोटो नव्हता. आजींनी बोटांनी दगड चाचपला आणि म्हणाल्या, “फादर, इथे त्याचं नाव होतं.” रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवत. कोणतीही वस्तू द्रव्य आणि रूप यांनी बनते, असे तो सांगतो. परीक्षेत त्यावर मी चांगले गुण मिळवले होते, पण अर्थ त्या दिवशी कळला. दगड हे द्रव्य, नाव हे रूप. मी द्रव्य चकचकीत केले आणि ज्यामुळे तो दगड त्या मुलाचा होता तेच घालवले.

उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल वाटेतच बाळंतपणात मरण पावते. याकोब तिला तिथेच पुरतो आणि कबरेवर स्तंभ उभारतो. मुक्काम हलवायची घाई असलेला तो माणूस, तरी दगड उभा करूनच पुढे जातो. तो स्तंभ आपल्या काळातही तिथे आहे, हे नमूद करायला पवित्र लेखक विसरत नाही. मृतांना मूठमाती देणे हे आपल्या दयाकृत्यांपैकी एक आहे. माझ्या मते त्यांची नावे राखणे हा त्याचाच उरलेला भाग आहे.

तर मग करायचे काय? संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड; लिंबाचा रससुद्धा त्यांना खातो. म्हणून ॲसिड नको, ब्लीचिंग पावडर नको, तारेचा ब्रश नको, गाड्या धुण्याचा जोराचा फवारा तर नकोच. आधी दगड हलकेच ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असले तर हात लावू नये. चांगला असेल तर साध्या पाण्याने भरपूर भिजवावा, मऊ ब्रशने खालून वर घासत जावे (म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर डाग पाडत नाहीत) आणि पुन्हा पाणी ओतावे. शेवाळ भिजल्यावर लाकडी पट्टीने निघते. थोडे राहिले तर राहू द्या. दरवर्षी घासायचीही गरज नाही, प्रत्येक घासण्याने अक्षर थोडे झिजतेच. पुसट अक्षरे वाचण्यासाठी खडू फासू नका. संध्याकाळी बाजूने तिरका टॉर्च धरा, अक्षरे आपोआप वर येतात. लगेच फोटो काढा.

कललेल्या शिळांचे काम अधिक जोखमीचे आहे. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, चार इंच जाड काळ्या पाषाणाचे वजन दीडशे किलोंच्या वर भरते. मुलांना जवळ येऊ देऊ नका, पहार घालून उचकटू नका. भोवतीची माती काढून शिळा सरळ वर उचलावी. खड्ड्याच्या तळाशी खडी ठोकून बसवावी, म्हणजे पावसाचे पाणी निचरून जाईल. शिळेचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीखाली ठेवून बाजूने खडी-वाळूचे थर द्यावेत, प्रत्येक थर धुमसाने ठोकावा आणि ओळंबा धरून पाहावे. बुंध्याला सिमेंट काँक्रीट ओतण्याची आपली हौस मात्र आवरा. जमीन हलली की त्या घट्ट पकडीत शिळा बुंध्याशीच मोडते. सांधे भरायचेच असतील तर चुन्याने भरावेत. चुना दगडापेक्षा मऊ असतो, ओल बाहेर जाऊ देतो. तुटलेल्या शिळेत लोखंडी सळई घालू नये. ती गंजून फुगते आणि दगड फोडते. असे काम जाणकाराकडेच द्यावे.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या पडक्या मंदिरात जाऊन पाहा. फरशीत पोर्तुगीज कबरशिळा आहेत. १७३९ साली किल्ला मराठ्यांनी घेतला, छप्पर गेले, पावसाळे गेले, तरी कित्येक नावे आजही वाचता येतात. त्यांना कोणी ॲसिड लावले नाही, एवढे त्यांचे भाग्य!

मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू संदेष्ट्यांच्या कबरी सजवणाऱ्यांना चांगलेच फटकारतो, हे मी विसरलेलो नाही. ज्यांच्या आईबापांची शिळा कललेली आहे आणि जमिनीच्या वादामुळे भाऊ-भाऊ बोलत नाहीत, अशी घरे आपल्याकडे आहेत. ती शिळा उचलायला निदान चार माणसे लागतील.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर दफनभूमीत जमू या. बादली, मऊ ब्रश आणि टॉर्च आणा. तरुणांनी वही घेऊन यावे, जुन्या रांगेतली नावे आधी लिहून घेऊ. बाटली घरीच ठेवा.