शिफारशीची सही

शास्त्रलेख : निर्गम 18:13–26



मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसे. ते पाहून त्याचा सासरा इथ्रो ह्याने त्यास हाताखाली न्याय करणारे नेमण्याचा सल्ला दिला, आणि त्यांना पारखण्याच्या चार कसोट्याही सांगितल्या. मनुष्य कर्तबगार असावा, देवाचे भय बाळगणारा असावा, सत्यास धरून चालणारा असावा, आणि अन्यायाच्या पैशाचा त्याला वीट असावा. पहिली कसोटी लावणे सोपे आहे; चौथी लावणे फार कठीण. शमुवेलासारख्या नीतिमान पुरुषाने आपले पुत्र न्यायाधीश नेमले, आणि ते लाच घेऊ लागले. बापाची पुण्याई हा मुलाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

इंग्रजी अमलात आपल्या नागपुरास व साऱ्या मध्यप्रांतास 1898 चा फौजदारी कायदा लागू होता. त्याअन्वये प्रांतिक सरकार खाजगी गृहस्थासही दंडाधिकाऱ्याचा अधिकार देऊ शके. अशांस ऑनररी मॅजिस्ट्रेट म्हणत. त्यांस पगार नसे, मान मात्र मोठा असे. आणि जेथे मान मोठा तेथे शिफारशी पुष्कळ. स्वतंत्र भारतात 1973 च्या संहितेने ही वाट अरुंद केली. विशेष न्यायदंडाधिकारी सरकारी पदावर असलेला किंवा पूर्वी असलेलाच असावा, आणि त्यास अधिकार उच्च न्यायालयाने द्यावा, असे ठरले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद ठेविली आहे. नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांची तर परीक्षा होते, मुलाखत होते. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अटही पुन्हा घातली.

हे सर्व योग्यच आहे. परंतु विद्या परीक्षेत दिसते, आणि गुन्हा पोलिसांच्या दप्तरात दिसतो. शेजाऱ्याची अडकवून ठेवलेली मजुरी कोणत्या दप्तरात दिसते? ती गावालाच ठाऊक असते. म्हणून चौथ्या कसोटीचे परीक्षक, बंधूंनो, तुम्ही आणि आम्ही आहोत.

ह्या परीक्षेत आम्ही स्वतः नापास झालो, हे आज कबूल करितो. काही वर्षांपूर्वी मंडळीतील एक बागाईतदार आमच्याकडे आले. त्यांना विशेष कार्यकारी अधिकारी व्हावयाचे होते. हा अधिकारी न्यायनिवाडा करीत नाही, कोणास शिक्षा देत नाही. परंतु गरिबांच्या कागदांवर त्याची सही व शिक्का चालतो. त्यांना अर्जासोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडावयाचा होता. मंदिराच्या छपरासाठी त्यांनी सढळ हाताने देणगी दिली होती. त्यांच्या बागेत संत्र्यांच्या तोडीस गेलेल्या बायांची मजुरी थकली आहे, हेही आमच्या कानांवर होते. तरी आम्ही सही केली.

त्या रविवारी उपासनेनंतर त्या बायांपैकी एक विधवा दाराशी थांबली. तिने एवढेच विचारले, "पाद्रीसाहेब, माह्या कागदावर आता त्याइचाच शिक्का लागन का जी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आम्ही कितीदा शिकविली होती. पण ती दाखल्याच्या कागदासही लागू पडते, हे त्या बाईने आम्हांस शिकविले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी जाऊन दाखला परत मागितला. त्यांनी तो दिला नाही. तेव्हा आमची शिफारस मागे घेतली आहे, असे पत्र आम्ही स्वतः कचेरीत नेऊन दिले. पुढे बायांना मजुरी हप्त्याहप्त्याने मिळाली. ते गृहस्थ मात्र उपासनेस येत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करितो, आणि त्यांच्या पापात आमचाही वाटा होता हे विसरत नाही. कारण मंदिराच्या छपराखातर आम्ही प्रथमच गप्प बसलो होतो.

म्हणून कोणी दाखला मागावयास आला, किंवा चौकशीला आलेल्या शिपायाने काही विचारले, तर तो आपल्या मंडळीचा, आपल्या भावकीचा, एवढ्यावरून होकार देऊ नका. जुने वैर आहे म्हणून नकारही देऊ नका. त्याच्या शेतावर राबणाऱ्यांना विचारा. त्याच्या दुकानी उधार नेणाऱ्यांना विचारा. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. जे ठाऊक नाही ते कोरे सोडा.

फेलिक्स सुभेदार पौलाला वारंवार बोलावून त्याचे भाषण ऐके, परंतु मनात पैशाची आशा धरून असे. आणि निरपराध पौल दोन वर्षे बंदीत राहिला. एका लोभी अधिकाऱ्यामुळे कोणाचे आयुष्य असे बंदीत पडते, ह्याचा विचार सही करण्यापूर्वी करा. यहोशाफाट राजाने नगरोनगरी न्यायाधीश नेमिले, तेव्हा त्यांना बजाविले की, तुमचे हे काम मनुष्यासाठी नसून परमेश्वरासाठी आहे. जो न्यायास बसतो त्याच्याप्रमाणेच, जो त्याला त्या आसनापर्यंत पोचवितो त्याचाही हिशेब परमेश्वर घेईल.

तो आपल्या लेखणीस सत्य आणि आपल्या मनास धैर्य देवो. आमेन.